समान नव्हे, जवळजवळ समान : डिजिटल वाद्ये घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कीबोर्ड, सिंथेसायझर, ट्यूनर आणि संगीताचे सॉफ्टवेअर तयार करणारे अभियंते व उत्पादक यांस

विषय : असमान पायऱ्यांच्या स्वरश्रेणी भरण्यासाठी तक्त्याची सोय करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

बारा स्वरांच्या चौकटीबाहेर डोकावू पाहणाऱ्यांसाठी आपल्यापैकी अनेकांनी अलीकडे आपल्या वाद्यांत आणि सॉफ्टवेअरमध्ये एक नवी सोय दिली आहे. सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, त्यात सप्तकाचे किती भाग करायचे तो आकडा लिहायचा, आणि ५, ७, १९, २२, ३१ किंवा ५३ असे काही लिहिले की संपूर्ण कीबोर्ड तितक्या समान पायऱ्यांत विभागला जातो. सूक्ष्म स्वरांतरांचा विषय इथवर पोहोचला याचा आनंद आहेच. मात्र त्या चौकोनात एक समजूत दडलेली आहे, आणि हे पत्र तिच्याविषयी आहे. समान भाग हाच मूळ आणि अचूक आकार, तर जगातील ज्या स्वरश्रेणींच्या पायऱ्या थोड्या लहानमोठ्या आहेत त्या त्याच आकाराच्या किंचित बिघडलेल्या नकला, अशी ती समजूत आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. जवळजवळ समान पायऱ्यांच्या श्रेणींमध्ये ती छोटी असमानता बहुधा हेतुपुरस्सर राखलेली असते, ती काहीतरी मिळवून देते, आणि आपले यंत्र ती गोळाबेरीज करून पुसून टाकते तेव्हा त्या श्रेणीचे कामच थांबते.

हे आकड्यांत पाहणे सोपे आहे, म्हणून ३१ स्वरांच्या श्रेणीपासून सुरुवात करते. सोळाव्या शतकात निकोला विचेंतिनो या इटालियन संगीतज्ञाने आर्किचेंबालो नावाचे अनेक पट्ट्यांचे वाद्य कल्पिले आणि १५५५ मध्ये त्याचे वर्णन छापले. त्या काळी युरोपात पंचम मुद्दाम थोडा उतरवून शुद्ध गंधार मिळवण्याची रीत होती. शुद्ध पंचम ७०२ सेंटचा (सप्तकाचे १२०० सेंट धरून), तर या रीतीतला ६९६.६ सेंटचा. असे चार पंचम एकावर एक रचून दोन सप्तके खाली आणले की ३८६.३ सेंटचा, म्हणजे पाचास चार या गुणोत्तराचा, निर्मळ गंधार हाती येतो. आता हीच साखळी पुढे नेत ३१ स्वर जमवा आणि सगळे एका सप्तकात रचा. मिळणाऱ्या श्रेणीत दोनच मापांच्या पायऱ्या असतात : ४१.१ सेंटच्या १९ आणि ३५.० सेंटच्या १२. समान भाग केले असते, तर प्रत्येक पायरी ३८.७ सेंटची झाली असती. फरक सुमारे सव्वादोन ते पावणेचार सेंटचा, कानाला सुटा ऐकवला तर बहुतेकांना कळणारही नाही इतका. ख्रिस्तिआन हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस ही साखळी आणि ३१ समान भाग किती जवळ आहेत हे गणिताने दाखवले, तेही खरेच आहे.

पण जवळ असणे आणि तेच असणे यांत काय अंतर आहे ते बघा. साखळीच्या श्रेणीत ३१ पैकी २७ स्वरांवरून ३८६.३ चा निर्मळ गंधार मिळतो आणि उरलेल्या चारांवरून ३९२.४ चा. साखळीचे तोंड जिथे शेपटीला मिळते तिथला एकमेव पंचम ७०२.६५ सेंटचा निघतो. अशा सांध्यावर सहसा कर्कश, टाळण्याजोगे स्वरांतर सापडते. इथे सापडतो तो शुद्ध पंचमापासून पाऊण सेंटही दूर नसलेला, सगळ्या श्रेणीतला सर्वांत निर्मळ पंचम. समान विभागणीत सगळे गंधार ३८७.१ चे आणि सगळे पंचम ६९६.८ चे होतात. वाईट काहीच नाही, पण वेगळेही काहीच नाही. कोणती श्रेणी निवडायची हा रचनाकाराचा प्रश्न आहे. आपल्या चौकोनात ‘३१’ लिहिल्यावर मात्र हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते.

काही वाद्यांत ‘स्वतःची श्रेणी’ म्हणून पायऱ्या हाताने भरण्याची जागा आहे, आणि तिथे पूर्ण सेंटच लिहिता येतात. वरच्या श्रेणीच्या पायऱ्या अशा जागेत भरून पाहा : १९ वेळा ४१ आणि १२ वेळा ३५, बेरीज ११९९. सप्तक एका सेंटने तोकडे पडले. मूळ स्वर ४४० हर्ट्झचा असेल, तर ८८० च्या जागी येणारा तार षड्ज अर्ध्या हर्ट्झने खाली राहतो आणि दोन्ही षड्ज एकत्र धरले की दर दोन सेकंदांनी नाद एकदा फुगतो आणि एकदा ओसरतो. शुद्ध पंचमांची साखळी ५३ स्वरांपर्यंत नेली तर अवस्था आणखी बिकट होते. त्या श्रेणीत २३.४६ सेंटच्या ४१ आणि १९.८४ सेंटच्या १२ पायऱ्या असतात. पूर्ण सेंटांत त्या २३ आणि २० होतात, बेरीज ११८३. सतरा सेंट कुठे गेले? तार षड्ज आता सेकंदाला साडेआठ-नऊ वेळा थरथरतो. ५३ समान भागांची पायरी २२.६४ ची, तिला २३ मानले तर सप्तक १२१९ वर जाऊन थांबते. दोन्ही श्रेणी मुळात इतक्या बारकाईने जुळलेल्या आहेत की ५३ शुद्ध पंचम आणि ३१ सप्तके यांत एकूण ३.६ सेंटचाच फरक राहतो. चीनमध्ये जिंग फांग या संगीत-गणितज्ञाने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात हे हिशेब करून हे साम्य ओळखले होते. तेव्हाच्या गणकाला जमलेली अचूकता आजच्या प्रोसेसरला न जमण्याचे तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही.

यातून माझी पहिली मागणी निघते. पायरीचे माप साठवू नका, प्रत्येक स्वराचे स्थान मूळ षड्जापासून मोजून साठवा, आणि त्यासाठी दशांशचिन्हानंतर किमान तीन अंक द्या. स्थान साठवले की चूक साचत नाही, आणि सप्तकाचे टोक जिथे हवे तिथेच राहते.

आता जगातल्या ज्या परंपरा आपल्या प्रीसेटच्या, म्हणजे तयार श्रेणींच्या, यादीत ‘५ समान’ किंवा ‘७ समान’ म्हणून अवतरतात त्यांच्याकडे वळते. सेंट हे माप देणारे अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये अनेक देशांच्या वाद्यांचे स्वर मोजून प्रसिद्ध केले. जावातील स्लेंद्रो ही पाच स्वरांची श्रेणी म्हणजे २४० सेंटच्या पाच समान पायऱ्या आणि थायलंडची श्रेणी म्हणजे १७१.४ सेंटच्या सात समान पायऱ्या, हे समीकरण तेव्हापासून पुस्तकांत रूढ झाले. सगळ्या मानवजातीसाठी एकच नैसर्गिक श्रेणी नाही हे एलिस यांनी त्याच कामातून दाखवले, हे त्यांचे मोठेपण. पण त्यांची मोजपट्टीच समान अर्धस्वराचे शंभर भाग करून बनलेली आहे, आणि मोजपट्टी ज्या आकाराची असते त्या आकाराकडे मोजणाऱ्याचे मन थोडे झुकते, असे मला नेहमी वाटत आले आहे. पुढे विसाव्या शतकात योग्यकार्ता आणि सुराकार्ता येथील नावाजलेल्या गामेलान-संचांचे (मुख्यतः धातूच्या वाद्यांच्या वाद्यवृंदांचे) स्वर यंत्राने मोजले गेले, तेव्हा स्लेंद्रोच्या पाच पायऱ्या एकाही संचात काटेकोर समान नाहीत आणि दोन संचांत सारख्याही नाहीत, हे स्पष्ट झाले. जावातील वादकांकडे एखाद्या संचाच्या या खास स्वरांतर-स्वभावासाठी ‘एम्बात’ हा शब्द आहे. कोणत्या संचात कोणती पायरी रुंद ठेवली आहे यावरून त्या संचाची ओळख ठरते. शिवाय तेथील सप्तकही पुष्कळदा १२०० सेंटांहून थोडे ताणलेले असते. अशा परंपरेला ‘स्लेंद्रो : २४० × ५’ असे लेबल लावणे म्हणजे सगळ्या माणसांच्या उंचीची सरासरी काढून एकाच मापाचे कपडे शिवण्यासारखे आहे.

अशा परंपरांतले वाद्यनिर्माते समानतेच्या इतके जवळ का जातात आणि तिथे पोहोचत का नाहीत, याचे उत्तर मला वाद्य वाजवण्यातच सापडते. युगांडातील बुगांडा प्रदेशात अमादिंडा नावाचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य आहे. समोरासमोर बसलेले वादक एकमेकांच्या आघातांच्या मधल्या फटींत आघात गुंफत ते वाजवतात. पाच स्वर, प्रत्येक पायरी २४० च्या आसपास. तिथे एकच रचना वेगवेगळ्या पट्टीवरून सुरू करण्याची पद्धत आहे. पायऱ्या फार असमान असत्या, तर रचना सरकवताच तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला असता. पायऱ्या तंतोतंत समान असत्या, तर ती सरकवण्याला उंची बदलण्यापलीकडे अर्थ उरला नसता. थोडी असमानता असली की धून तीच राहते आणि तिचा रंग मात्र बदलतो.

याच्याच दुसऱ्या बाजूला ठिकाण ओळखण्याचा प्रश्न आहे. सात समान पायऱ्यांच्या श्रेणीत कोणताही स्वर इतरांहून वेगळा नसतो. कुठूनही सुरुवात करा, पुढची वाट अगदी तशीच. मग षड्ज कोणता, हे श्रोत्याला केवळ पुनरावृत्तीवरून आणि विश्रांतीवरून उमगायचे, स्वरांतरांवरून नाही. एखादी पायरी जरी इतरांहून वीस-तीस सेंटने मोठी असली, तरी कानाला खूण मिळते.

आणि असमानता नुसती खूण देऊन थांबत नाही, ती मेळही मिळवून देते. अरबी संगीतातील रास्त या मकामाची (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी चौकट) श्रेणी चौथाई स्वरांच्या, म्हणजे ५० सेंटच्या भागांच्या, हिशेबात लिहिली तर पायऱ्या येतात २००, १५०, १५०, २००, २००, १५०, १५०. ही श्रेणी नेहमीच्या २०० आणि १०० च्या श्रेणीपेक्षा सात समान पायऱ्यांच्या कितीतरी जवळ आहे. तिच्यात चार पायऱ्यांचा पंचम सातपैकी पाच स्वरांवरून ७०० सेंटचा मिळतो आणि दोन स्वरांवरून ६५० चा. सात समान भाग केले तर सातही पंचम ६८५.७ चे होतात, म्हणजे सगळेच शुद्ध पंचमाहून सोळा सेंट उतरलेले. दोन पंचमांवर पाणी सोडून पाच जवळजवळ निर्मळ मिळवणे, हा व्यवहार कोणी जाणूनबुजून केला असो वा पिढ्यांच्या कानांनी घडवला असो, तो तोट्याचा खचितच नाही.

त्यातही या रास्तचा गंधार सगळीकडे एकाच जागी नाही. तुर्की संगीताच्या विसाव्या शतकातील प्रमाण सिद्धांतात सप्तकाचे ५३ बारीक भाग, म्हणजे कोमा, धरून रास्तच्या पायऱ्या ९, ८, ५, ९, ९, ८, ५ अशा सांगतात. त्यामुळे गंधार ३८५ सेंटच्या आसपास येतो, तर अरबी चौथाई हिशेबात ३५० वर. १९३२ मध्ये कैरोला भरलेल्या अरबी संगीत परिषदेत २४ समान भागांची श्रेणी प्रमाण मानावी की नाही यावर जाणकारांत तीव्र मतभेद झाले होते. ज्या प्रश्नावर तेथील वादक आणि सिद्धांतकार एकमताला आले नाहीत, तो प्रीसेटच्या एका बटणाने परस्पर सुटलेला पाहून गंमत वाटते.

बावीस श्रुतींविषयी थोडक्यात लिहिते, कारण ‘२२ श्रुती’ असे बटणही मी पाहिले आहे आणि मराठी वाचकाला ते सर्वांत आधी खटकेल. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या सात स्वरांना ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा श्रुती वाटून दिल्या आहेत. त्या श्रुती परस्परांशी समान होत्या का, यावर जुना वाद आहे. पण आधुनिक काळात जो हिशेब सर्वाधिक प्रचलित आहे, त्यात सुमारे २२ सेंटच्या दहा, ७१ सेंटच्या पाच आणि ९० सेंटच्या सात अशा तीन मापांच्या श्रुती येतात. ही श्रेणी जवळजवळ समानसुद्धा नाही. तिच्याऐवजी ५४.५ सेंटचे २२ समान भाग केले तर तेराव्या श्रुतीवरचा पंचम ७०९ वर जातो, शुद्ध पंचमाच्या सात सेंट वर. षड्ज-पंचमाचा नाद अखंड चालू असताना त्यावर असा पंचम लावून पाहावा, आणखी युक्तिवादाची गरज पडणार नाही. २२ समान भागांची श्रेणी स्वतःच्या गुणांवर उत्तम आहे आणि तिच्यासाठी आज स्वतंत्रपणे संगीत लिहिले जाते. तिला फक्त श्रुतींचे नाव देऊ नका.

हे सगळे आपल्याला नवे नाही, हे मी जाणते. बारा स्वरांपुरते आपण असमानतेला कधीच मान्यता दिली आहे. अनेक डिजिटल पियानोंमध्ये वेर्कमाइस्टर या जर्मन संगीतज्ञाच्या १६९१ मधील पुस्तकातली एक स्वरजुळणी तयार मिळते. तिच्यात चार पंचम थोडे उतरवलेले आणि बाकीचे शुद्ध असल्याने अर्धस्वर ९० पासून १०८ सेंटांपर्यंत बदलतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतील पहिल्या सी पट्टीवरून गंधार ३९० चा लागतो, तर काही काळ्या पट्ट्यांवरून ४०८ चा, आणि प्रत्येक पट्टीला वेगळा स्वभाव येतो. त्याच पियानोंत तारांचे सप्तक किंचित ताणून लावण्याचीही सोय असते, कारण खऱ्या पियानोच्या पोलादी तारांचे उपस्वर मूळ गणितापेक्षा थोडे चढे निघतात आणि कुशल ट्यूनर त्यानुसार सप्तके रुंदावतो. म्हणजे ‘जवळजवळ समान’ हा आकार आपल्या यंत्रांना चांगला ठाऊक आहे. तो बारा स्वरांना मिळतो आणि सात, सतरा किंवा एकतीस स्वरांना मिळत नाही, एवढाच भेद आहे, आणि त्या भेदाचे समर्थन मला सापडलेले नाही.

तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही. मिडी ही वाद्ये आणि संगणक यांना जोडणारी भाषा आहे, आणि तिच्यातले ट्यूनिंगचे प्रमाण १९९२ पासून अस्तित्वात आहे. त्यात १२८ पैकी प्रत्येक पट्टीचा स्वर स्वतंत्रपणे, सेंटच्या शंभराव्या भागाहूनही बारीक फरकाने पाठवता येतो. त्याच प्रमाणाची एक संक्षिप्त आवृत्तीही आहे, जिच्यात बारा स्वरांना प्रत्येकी एकेका पूर्ण सेंटचा बदल देता येतो आणि तो सर्व सप्तकांत तसाच उमटतो. बहुसंख्य वाद्ये राबवतात ती जेमतेम हीच. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक सुराला स्वतःची उंची देण्याची सोय आहे. श्रेणी लिहून ठेवण्यासाठी स्काला या प्रणालीची फाइल वर्षानुवर्षे प्रचलित आहे. ती साधा मजकूर असते, तिच्यात सेंट किंवा गुणोत्तर काहीही चालते, आणि शेवटच्या ओळीत श्रेणी कुठे पुन्हा सुरू होते ते लिहिलेले असते. ही शेवटची ओळ वाचा आणि पाळा, अशी माझी दुसरी मागणी आहे. श्रेणी १२०० वरच पुन्हा सुरू व्हावी असा नियम नाही. ताणलेल्या सप्तकाचे गामेलान घ्या, किंवा एकास तीन या स्वरांतराचे तेरा भाग करणारी बोलेन-पीअर्स श्रेणी घ्या, दोघांनाही १२०० ची भिंत आड येते.

ट्यूनरबद्दलही एक विनंती आहे. आपला ट्यूनर वाजलेला स्वर जवळच्या बारा स्वरांपैकी एकाशी ताडून पाहतो आणि जुळला की हिरवा दिवा लावतो. ३५० सेंटचा गंधार बरोबर लावणाऱ्या वादकाला तो दर वेळी लाल दिवा दाखवतो. गळ्याचा सूर आपोआप ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअरे तर याहून पुढे जाऊन तो गंधार ओढून ४०० वर किंवा ३०० वर नेऊन बसवतात. वादकाने भरलेला तक्ता हाच ट्यूनरचा आणि सुधारणेचा आधार असावा, आणि तक्ता नसेल तर यंत्राने निर्णय न देता नुसता आकडा दाखवावा.

यावर एक आक्षेप येईल तो मी आधीच मान्य करते. सर्वसाधारण ग्राहकाला ५३ ओळींचा तक्ता पाहून धडकी भरेल. म्हणून आकड्याचा चौकोन काढून टाका असे मी म्हणत नाही. तो पहिल्या पडद्यावर राहू द्या. त्याच्याखाली ‘बदल करा’ असे एक बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर समान भागांची स्थाने आधीच भरलेला तक्ता उघडू द्या, म्हणजे ज्याला फक्त गंधार पाच सेंट उतरवायचा आहे त्याला एकच ओळ बदलावी लागेल. तयार प्रीसेटना परंपरेचे नाव देताना ते माप कोणत्या वाद्यसंचाचे किंवा कोणत्या सिद्धांताचे आहे हे त्याच ओळीत लिहा. तसे सांगता येत नसेल, तर ‘पाच समान भाग’ एवढेच प्रामाणिक नाव पुरेसे आहे.

नवी आवृत्ती बाजारात आणण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यायची असेल, तर या पत्रातलीच पहिली श्रेणी वापरता येईल. ६९६.५७८ सेंटचा पंचम तीस वेळा रचा, सगळे स्वर एका सप्तकात आणा आणि तक्त्यात भरा. २७ स्वरांवरून गंधार ३८६.३ दिसला, शेवटच्या सांध्यावरचा पंचम ७०२.६५ आला, आणि मूळ षड्जाबरोबर तार षड्ज धरून ठेवल्यावर नाद अजिबात डोलला नाही, तर ती आवृत्ती माझ्यासारख्यांच्या उपयोगाची झाली असे समजावे. या श्रेणीचा आणि ५३ स्वरांच्या साखळीचा पूर्ण तक्ता, प्रत्येक स्थान तीन दशांश स्थळांपर्यंत काढून, आपल्यापैकी ज्यांना हवा असेल त्यांना पाठवण्यास मी तयार आहे.

कळावे.

आपली नम्र,
सूक्ष्म स्वरांतरांची एक अभ्यासक